ओट्यामागची भिंत

आज इस्तंबूलमध्ये मसाले बाजाराजवळची रुस्तम पाशा मशीद पाहिली. खाली दुकानांची गजबज, अरुंद जिना चढून वर गेलं की एकदम निळंच निळं! सोळाव्या शतकात ऑटोमन वास्तुविशारद मिमार सिनानने बांधलेली. भिंती, खांब, मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा), जिकडे बघावं तिकडे इझनिक या तुर्की गावच्या टाइल्स. ट्यूलिप, कार्नेशन, वेलबुट्ट्या. आणि मधूनच तो टोमॅटोसारखा लाल! लोहयुक्त मातीचा हा रंग जाडसर लावतात, म्हणून झिलईखालीही किंचित उठून दिसतो. (हात लावायचा मोह कसाबसा आवरला.) टाइलच्या मिश्रणात बहुतेक क्वार्ट्झच असतं. त्यावर पांढरा लेप, म्हणून पांढरा इतका स्वच्छ.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र पुण्याच्या घरातला ओटा. नवरा म्हणाला, "फोडणी उडेल की त्यावर." उडू दे, पुसता येते! पण अख्खी भिंत नकोच, रोज बघून डोळे दमतील. फक्त गॅसमागे एक पट्टा, बाकी साधा पांढरा.

तर चार टाइल्स घेतल्या, स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवल्या. आता वजन भरतंय, तेव्हा बूट त्याचे काढायचे की माझे, यावर चर्चा सुरू आहे.