येत होतं मला

रात्रीचे पावणेबारा. झोप नाही, आणि कारण इतकं फालतू की लिहितानाही कसंतरी वाटतंय.

संध्याकाळी मनूने पुस्तक ओढून घेतलं. "मी विचारते, तू सांग." मी म्हटलं, "विचार की, तीनदा वाचलाय तो धडा."

तिने विचारलं आणि मला पान दिसलं. अगदी लख्ख. डावीकडचं, खालून चौथी-पाचवी ओळ, पिवळं मार्कर जरा फिसकटलेलं, समासात माझीच बरोबरची खूण. फक्त त्या ओळीत काय लिहिलंय तेवढं दिसेना. मनू पुस्तक छातीशी धरून वाट बघत होती. शेवटी तिनेच वाचून दाखवलं आणि मी पटकन म्हणाले, "हां, तेच! येत होतं मला."

कुठे येत होतं? समोर आलं की ओळखीचं वाटतं, एवढंच. मनू काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

या वयात परीक्षेच्या भानगडीत पडायलाच नको होतं. डोकं गंजलंय. आई तेव्हा म्हणालीच होती... जाऊ दे.

मगाशी उठून परत तो धडा काढला. कार्पिक आणि रोडिगर यांचा २००८ सालचा प्रयोग. ४० स्वाहिली शब्द, अर्थासकट. शब्द एकदा आला की काहींनी तो पुढे नुसता वाचायचा, काहींनी न बघता पुन्हा पुन्हा आठवायचा. आठवड्याने किती येतील, असं आधीच विचारलं, तर सगळ्यांचा अंदाज साधारण निम्मे. प्रत्यक्षात आठवत राहिलेल्यांना ८० टक्के आले, नुसतं वाचणाऱ्यांना ३५ च्या आसपास. बरं, ही सगळी कॉलेजातली पोरं. म्हणजे वयाची सबबही गेली. चांगली होती.

आणि मनूचा प्रश्न कशावर होता? याच प्रयोगावर. फिसकटलेल्या पिवळ्याखाली हेच आकडे. आपल्याला किती येतं याचा अंदाज कसा चुकतो, हा धडा मी तीनदा वाचून "आला" म्हणून खूण केली होती! एकटीच हसले. मोठ्याने हसायची सोय नाही, शेजारी घोरणं चालू आहे.

आता पुस्तक मिटून म्हणून बघतेय. ४० शब्द. ८० टक्के. आणि नुसतं वाचणाऱ्यांना... अडलं. याच पानावर वर लिहिलंय, पण त्यावर हात ठेवलाय.