नखभर हिरवं

एप्रिलअखेरची रात्र. मागच्या पडवीत मी रातांबे फोडत बसले होते, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. तेवढ्यात शिकागोहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. कोपराने फोन उचलावा तसा उचलला.

"मावशी, माझं झाड गेलं गं."

तिने फोन दारापुढच्या वाफ्यावर धरला. हायड्रेंजियाचं झुडूप. दोन वर्षांपूर्वी तिने त्याचे फोटो पाठवले होते, शहाळ्याएवढे गुलाबी गुच्छ लागलेले. आता तिथे कुणी केरसुणी उलटी रोवून ठेवावी तसं काहीतरी उभं होतं. यंदा पारा उणे वीसपर्यंत गेला होता म्हणे.

थंडीने झाड मरतं हे आंजर्ल्यात बसून खरं वाटत नाही. आमच्याकडे थंडीची वाट बघतात. दापोलीला एखाद्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरला की आंबेवाल्यांचे चेहरे खुलतात, मोहोर चांगला धरेल म्हणून. पण उभं झाड काळं पडलेलं बघणं काय असतं ते मला ठाऊक आहे. तिच्याकडे जे थंडीने केलं ते आमच्याकडे वाऱ्याने केलं होतं.

३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या आगरातल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्या सांडाव्या तशा एकमेकींवर पडल्या. निम्मी कौलं उडाली. वीज यायला महिना लागला. अशा वेळी विहिरीकडेच्या अनंताबद्दल हळहळायचीही लाज वाटायची. ज्याचे पंचवीस माड गेलेत त्याच्यापुढे फुलझाडाचं दुःख कोणत्या तोंडाने सांगायचं? पण तो अनंत सासूबाईंनी लावलेला. आणि समुद्राकडची त्याची सगळी बाजू भाजून निघाल्यासारखी तपकिरी झाली होती. आग लागली नव्हती, मीठ लागलं होतं. वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचे तुषार येतात, पानांवर सुकतात, आणि कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं तसा तो खार पानातला ओलावा ओढून घेतो. आठवड्याभरात उरलेली पानंही गळली.

मी कोयता घेऊन निघाले होते. आगरात कामाला येणारे तात्या पडलेल्या पोफळींचे तुकडे करत होते, तिथूनच ओरडले, "वैनी, त्याला हात लावू नका. पुष्य लागू दे, मग बघू."

पुष्य नक्षत्र म्हणजे जुलैचा तिसरा आठवडा. दीड महिना त्या सांगाड्याकडे बघत बसायचं! तात्या उठून आले, एका फांदीवर अंगठ्याचं नख ओढलं. साल निघाली, खाली सुकं, भुश्याच्या रंगाचं. मग वीतभर खाली ओढलं. तिथे एक बारीक ओली रेघ दिसली, हिरवी, मुगाच्या डाळीच्या सालीसारखी. "हा जिता हाय," एवढंच म्हणाले आणि परत पोफळीकडे गेले.

मीठ धुवायचं काम मृगाच्या पावसाने केलं, ते एक बरं झालं. भर उन्हाळ्यात असं झालं असतं तर विहिरीचं गोडं पाणी आम्हालाच पानांवर आणि मुळाशी ओतावं लागलं असतं. माझ्याकडे काम उरलं नव्हतं. आणि बाईमाणसाला झाडापुढे काम नसलं की ती उपद्व्याप करते. मी रोज सकाळी जाऊन एकेका फांदीला नख लावायचे. शेवटी तात्यांनी विचारलं, "याला उंदीर लागलाय काय?" एकदा कुणाला न सांगता पेंडीचं पाणीही घातलं. आजाऱ्याला पुरणपोळी वाढण्यातला प्रकार. मुळं अशक्त असताना खत पचत नाही, हे वाचून माहीत होतं तरी घातलं. जे दोन कोंब आले होते त्यांची टोकं काळी पडली. खताने की पावसाने, देव जाणे, पण मी तो आळ स्वतःवर घेतला.

पुष्यात बुंध्याजवळून पाच-सहा ठिकाणी धुमारे फुटले. कुठपर्यंत मेलंय ते आता झाडानेच दाखवलं होतं, म्हणून तात्यांनी त्या धुमाऱ्यांच्या बोटभर वरून तिरके काप घेतले. जूनमध्ये मी कोयता चालवला असता तर त्यातले निम्मे धुमारे फांदीसकट गडग्यापलीकडे गेले असते.

पुढच्या वर्षी पानं भरपूर आली, फूल एकही नाही. अनंताची कळी जुन्या, पक्व झालेल्या फांदीवर धरते आणि जुनं तर आम्ही सगळं कापलेलं. त्यात मे २०२१ मध्ये तौक्ते समुद्रातून गेलं आणि जाता जाता दोन फांद्या मोडून गेलं. २०२२ च्या जूनमध्ये सात फुलं आली. सात म्हणजे सातच, मी मोजलीत. पहिलं सासूबाईंच्या तसबिरीला घातलं.

हे सगळं भाचीला सांगत बसले नाही, तिकडे तिला ऑफिस होतं. हायड्रेंजियाचीही खोड तीच आहे हे मात्र सांगितलं. या जातीच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांदीवर आधीच धरून बसलेल्या असतात. थंडीने त्या जळतात, मूळ राहतं, म्हणून खालून पाला येईल पण यंदा फुलांची आशा नको. (आणि गुलाबी का, तर तिच्याकडची माती चुनखडीची. आमच्या जांभ्याच्या आंबट मातीत तेच झाड बहुधा निळं फुललं असतं. हे ऐकून ती जरा चिडली, तिला निळंच हवं होतं.)

"शेजारच्या आजी म्हणतात, मदर्स डेपर्यंत कात्री लावू नकोस," ती म्हणाली. म्हणजे मेचा दुसरा रविवार. तिच्याकडचं पुष्य नक्षत्र ते.

"बरोबर सांगतायत. आता नख लाव बघू. वर नको, खाली."

तिने फोन कुंडीला टेकवून ठेवला. पडद्यावर नुसतं आभाळ आणि तिची अर्धी बाही.

"नाही गं, सुकंच आहे."

"आणखी खाली."

थोडा वेळ काही नाही. मग तिचा अंगठा कॅमेऱ्यापुढे आला, इतका जवळ की सगळं धूसर. नखात काहीतरी हिरवट अडकलं होतं.

"झालं तर मग. आता बाकीच्या फांद्या सोलत बसू नकोस," मी म्हटलं. पण फोन पुन्हा आभाळाकडे गेला होता, आणि पलीकडून खरवडण्याचा आवाज येत होता.