घड्याळात बारा, माशात दहा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी मी झेब्राफिश घेतला, त्याचं खरं कारण सांगायला जरा लाज वाटते. उंदरांची मला भीती वाटते आणि फळमाश्या पकडता पकडता उडून जातात. झेब्राफिश म्हणजे घरातल्या टाकीतला झेब्रा डॅनिओ. पुण्यात माशांच्या दुकानात गेलात तर पिशवीत पाणी भरून देतात. मूळचा आपल्याच उपखंडातला. हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२२ मध्ये गंगेच्या माशांबरोबर त्याची नोंद केली. दीडशे वर्षांनी, १९७०च्या दशकात, अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जॉर्ज स्ट्रायसिंगर या जीवशास्त्रज्ञाने त्याला प्रयोगशाळेत बसवलं आणि मग तो जगभर गेला. आमच्या लॅबमधल्या वाणाचं नाव एका जर्मन गावाचं आहे, ट्युबिंगन. गंगेचा मासा, आडनाव जर्मन!

काम सांगायला सोपं होतं. क्रॉक्स-२० नावाचं एक जनुक आहे. भ्रूणाच्या पश्चमेंदूचे एकामागे एक सात खंड पडतात आणि त्यातल्या फक्त तिसऱ्या आणि पाचव्या खंडात हे जनुक चालू होतं. बारा तासांच्या भ्रूणात ते दोन पट्टे रंगवून दाखवायचे, एवढंच. त्या वयाच्या माशाचं हृदय धडधडायला अजून अर्धा दिवस असतो, पण मेंदूची वाटणी सुरू झालेली असते.

जनुक तर प्रत्येक पेशीत असतं. ते जिथे चालू असतं तिथेच त्याचा आरएनए, म्हणजे त्याची कामचलाऊ नक्कल, सापडतो. त्याला उलट जुळणारा आरएनए, म्हणजे प्रोब, आपण तयार करायचा, त्याला एक खूण चिकटवायची आणि ६५ अंशांवर रात्रभर भ्रूणांबरोबर ठेवायचा. मग त्या खुणेला धरणारी अँटिबॉडी, अँटिबॉडीवर एन्झाइम आणि शेवटी रंग. जिथे प्रोब बसला असेल तिथे जांभळट निळं दिसतं.

पहिल्या खेपेला काहीच दिसलं नाही. प्रोबच चुकीच्या बाजूने बनवला होता, तो कशालाच जुळणार नव्हता. दुसऱ्या खेपेला रंग चढत असताना मी चहाला गेले आणि गप्पांत रमले. परत येऊन बघते तर सगळे भ्रूण जांभळासारखे. यावर जास्त लिहीत नाही.

तिसऱ्या खेपेला मात्र फार काळजी घेतली. आदल्या संध्याकाळी नर-मादी एका डब्यात ठेवले, मध्ये पारदर्शक पडदा. खाली जाळी लागतेच, नाहीतर आईबापच अंडी खाऊन टाकतात. सकाळी नऊला दिवे लागल्यावर पडदा काढला आणि वीस मिनिटांत तळाशी अंडी. जेमतेम पाऊण मिलिमीटरचं एकेक, काचेच्या मण्यासारखं. पाऊण तासाने एकाच्या दोन पेशी होतात, मग दर पाव तासाला दुप्पट. एकदा तरी हे डोळ्यांनी बघावं, मी डबा खायचा विसरले होते. डिश इन्क्युबेटरमध्ये २८.५ अंशांवर ठेवली, रात्री नऊला भ्रूण काढून पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये टाकले, म्हणजे ते आहेत त्या वयातच थांबतात (याला फिक्स करणं म्हणतात), आणि साडेनऊच्या बससाठी धावत सुटले.

चार-पाच दिवसांनी रंग आला. स्वच्छ, नेमका. पण पट्टा एकच.

एकूण बत्तीस भ्रूण होते. अठ्ठावीसमध्ये एक पट्टा, उरलेल्या चारांत दुसऱ्याची जेमतेम सावली. मला वाटलं, पाचवा खंडच नसलेले मासे सापडले! १९९६ मध्ये ट्युबिंगनच्या गटाने असे शेकडो बिघडलेले मासे एकदम प्रसिद्ध केले होते. त्यातल्या ‘नो इस्थमस’ माशात पॅक्स-२-ए हे जनुक बिघडलेलं असतं, म्हणून मध्यमेंदू आणि पश्चमेंदू यांच्यामधली सीमाच तयार होत नाही, अनुमस्तिष्कही नाही. मी मनातल्या मनात माझ्या माशाला नावसुद्धा ठेवलं. ते इथे सांगणार नाही.

आमच्या लॅबमधल्या सीनियर ताईने स्लाइड बघितली आणि एकच प्रश्न विचारला, "सोमाइट किती मोजलेस?" सोमाइट म्हणजे भ्रूणाच्या पाठीत ठरावीक वेळाने एकामागे एक पडणारे ठोकळे, त्यांच्या संख्येवरून माशाचं वय कळतं.

"मोजले नाहीत. बारा तास झाले होते ना."

"घड्याळाचे बारा झाले होते. माशाचे किती झाले होते?"

तिने इन्क्युबेटरच्या खालच्या कप्प्यात, दाराजवळ, काचेचा थर्मामीटर ठेवला. अर्ध्या तासाने काढला. बाहेर आकडा २८.५, आत २५.५. दाराचं रबर एका कोपऱ्यात सैल झालं होतं. मग कागदावर हिशेब. तापमानावरून वय काढायचं सूत्र ठरलेलं आहे, त्यात २५.५ घातलं की वेग ०.८३ येतो. बारा गुणिले ०.८३, म्हणजे दहा तास. दहाव्या तासाला माशाला एकही सोमाइट नसतो आणि क्रॉक्स-२० नुकतंच तिसऱ्या खंडात उमटत असतं. पाचव्याची पाळी थोड्या वेळाने येते. मासे अगदी धडधाकट होते. मीच लवकर पोचले होते.

रात्री घरी हे सांगितलं तर आईचा वेगळाच प्रश्न. "सगळ्या पेशींत जनुकं सारखीच म्हणतेस, मग डोकं कुठे आणि शेपूट कुठे हे त्यांना सांगतं कोण?"

ऑगस्ट होता. आमचं घर नारायण पेठेत, नदीपात्रात ढोलपथकाचा सराव चालू होता आणि आईने खिडक्या लावून घेतल्या होत्या. म्हटलं, हे बघ, असंच. भ्रूणाच्या मागच्या कडेला ‘विंट’ नावाच्या प्रथिनांचा ढोल वाजत असतो. जवळच्या पेशींना जोरात ऐकू येतं, त्या मागचा मेंदू होतात. लांबच्यांना कमी. आणि सगळ्यात पुढच्या पेशी खिडक्या लावतात, म्हणजे विंटला अडवणारी प्रथिनं सोडतात. ज्यांना आवाज पोचत नाही त्यांचा अग्रमेंदू होतो. या खिडक्या बंदच झाल्या नाहीत तर काय होतं, ते ‘मास्टरब्लाइंड’ माशात दिसतं. त्याच्या पेशींत विंटचा आवाज आवरणारं अ‍ॅक्सिन बिघडलेलं असतं. मग त्याला डोळे नाहीत, आणि अग्रमेंदूचा पुढचा भागही नाही.

आई म्हणाली, "म्हणजे डोकं व्हायला शांतता लागते." आणि बाबांना टीव्ही बारीक करायला सांगितला.

चौथ्या खेपेला मी घड्याळ पर्समध्ये टाकलं. डिश वरच्या कप्प्यात, शेजारी थर्मामीटर. संध्याकाळी सातपासून दर वीस मिनिटांनी मायक्रोस्कोपखाली भ्रूण कडेवर वळवून सोमाइट मोजले. दोन, तीन, मग पाच. सहावा नीट दिसला तेव्हाच फिक्स केले. बस गेली, रिक्षाने आले.

या वेळी प्रोब दोन घातले होते, क्रॉक्स-२० आणि पॅक्स-२-ए. रंगाच्या दिवशी मी चहाला गेले नाही. पुढे पॅक्स-२-एचा एक रुंद पट्टा, मध्ये मोकळी जागा, मग क्रॉक्स-२०चे दोन पट्टे, आणि दोन्ही बाजूंना कान होणार तिथे निळे ठिपके. चिमट्याने बलक खरवडून काढला, भ्रूण ग्लिसरॉलमध्ये सपाट पसरला आणि लेन्स वाढवली.

पट्ट्यांच्या कडा सरळ नव्हत्या. ताई म्हणाली, या वयात अशाच असतात. क्रॉक्स-२० दुसरं एक जनुक चालू करतं, त्यामुळे तिसऱ्या-पाचव्या खंडातल्या पेशी शेजारच्या खंडात मिसळेनाशा होतात आणि कडा हळूहळू रेखीव होते. माझ्या स्लाइडवर चौथ्या खंडात, दोन पट्ट्यांच्या मधोमध, एकच निळी पेशी एकटी पडली होती. अशा पेशी कधी सरकून आपल्या पट्ट्यात परत जातात, कधी तिथेच राहून निळेपणा सोडतात आणि शेजाऱ्यांसारख्या होतात. हिने काय केलं असतं? मी तिला सहाव्या सोमाइटलाच थांबवलं होतं.

प्रबंधाच्या मुखपृष्ठावर तोच फोटो घातला. पाठवायच्या आधी मॅडमनी त्या पेशीवर बोट ठेवून विचारलं, "ही धूळ आहे का? क्रॉप कर."

नाही केली.