टिकलीचा प्रश्न
आज चर्चमधल्या उपासनेनंतर महिला मंडळात नव्याने लग्न झालेल्या एका मुलीने विचारले की, टिकली लावली तर सासरचे नाराज होतात आणि न लावल्यास कार्यालयातल्या मैत्रिणी ‘तू आपल्यातली वाटत नाहीस’ म्हणतात, तेव्हा तिने ऐकावे तरी कोणाचे? मला पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही, क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांना हरकत घेतली आणि ख्रिस्ताचा स्वीकार म्हणजे इंग्रजी वळणाचा स्वीकार असे कधी मानले नाही. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय आम्ही सोबत वाचला; ख्रिस्तात यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक) असा भेद उरत नाही, असे त्यात म्हटले आहे. (माझ्या आईने काळे मणी शेवटपर्यंत घातले, प्रार्थनाही कधी चुकवली नाही.) ती मुलगी निघताना म्हणाली, “ताई, आता हे सासूबाईंसोबतही वाचते.”