रिकामा प्लॉट, पालिकेची साफसफाई आणि त्याचं बिल: माझा अनुभव

मालमत्ता कराच्या बिलात यंदा एक नवीनच ओळ दिसली, 'साफसफाई खर्च वसुली', आणि रक्कम अशी की मूळ कर त्यापुढे किरकोळ वाटावा. प्लॉट आमचा, रिकामा, रान माजलेलं हे खरं, पण त्यातला राडारोडा, फाटक्या गाद्या, जुने टायर यातलं एकही आमचं नाही. टाकलं लोकांनी, भरायचं आम्ही. हा राग अजून गेला नाहीये, तरी सांगतो, ऑफिसात हा मुद्दा काढून उपयोग शून्य. टाकणारा रात्री येऊन जातो, मालकाचं नाव मात्र रेकॉर्डला असतं, म्हणून नियम मालकालाच धरतो.

पद्धत तशी सरळ आहे. आधी नोटीस, त्यात मुदत, मुदतीत साफ नाही केलं तर पालिका ठेकेदार लावून साफ करते आणि खर्च तुमच्या नावावर, नाही भरला की करासारखीच वसुली, वर व्याज. आमची नोटीस वडिलांच्या नावाने जुन्या पत्त्यावर गेली. वडील गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज आम्ही कधीच दिलाय, तो पालिकेकडेच पडून आहे!

अडकलं ते पुढे. मला एवढंच हवं होतं की ही रक्कम आली कशी. कर खिडकीवर म्हणाले आम्ही फक्त वसूल करतो, स्वच्छता विभागाला विचारा. स्वच्छता विभागात म्हणे फाईल कर विभागाकडे गेली. परत खाली आलो तर साहेब मीटिंगला, इन्स्पेक्टर सकाळी फिरतीवर आणि दुपारी कुठे ते कोणालाच माहीत नाही. मधल्या काळात बिलावर व्याज चालूच, ते मात्र कोणाची वाट बघत नाही. असं किती दिवस चाललं ते सांगत बसत नाही, डोकं फिरायची वेळ आली होती.

शेवटी तोंडी बोलणं बंद केलं आणि लेखी अर्ज दिला, खर्चाचा तपशील, खेपांची नोंद आणि साफसफाईच्या आधीचे-नंतरचे फोटो द्या म्हणून, आणि आवक नंबरचा शिक्का घेतला. शिक्क्याशिवाय अर्ज देऊच नका, नंतर 'मिळालाच नाही' म्हणतात. मग फाईल सापडली. जेसीबी, डंपरच्या खेपा, मजूर, वर टक्केवारीने देखरेख खर्च. खेपा बघून शंका आलीच होती, आणि फोटोत निळं गेट असलेली कंपाउंडची भिंत. आमच्या प्लॉटला भिंतच नाही, गेट कुठून येणार? इन्स्पेक्टरने फोटो वळवून वळवून बघितला, मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "हा बाजूचा दिसतोय." बाजूच्या प्लॉटच्या खेपा आमच्या नावावर! त्या क्षणी इतकं बरं वाटलं की भांडायचं राहूनच गेलं.

माणूस वाईट नव्हता पण. टायर का उचलले विचारलं तर म्हणाला डेंग्यूचा डास अंड्यापासून उडायला साधारण 7 ते 10 दिवस घेतो आणि त्याची अंडी कोरड्यातही काही महिने टिकतात, टायरात साचलेलं पाणी नुसतं ओतून टाकून भागत नाही. हे पटलं, टायरच्या खर्चावर मी हरकत घेतली नाही.

हो, एक आधीच सांगायला हवं होतं, वाद चालू असताना पैसे पूर्ण अडवून धरू नका. जेवढं मान्य आहे तेवढं 'हरकत राखून' असं अर्जात लिहून भरा, म्हणजे व्याज निदान उरलेल्यावरच लागतं. आणि कोणी असा प्लॉट विकत घेत असेल तर कराची थकबाकी नाही हे नुसतं मालकाच्या तोंडून ऐकू नका, ताजं बिल मागा, कारण ही वसुली बहुतेक ठिकाणी माणसावर नाही, जागेवर बसते.

रक्कम कमी झाल्याचं पत्र मिळालं म्हणून मी खूश होतो, तर पुढच्या बिलात जुनीच रक्कम व्याजासकट हजर. कॉम्प्युटरमधली नोंद दुरुस्त करायला म्हणे वेगळा अर्ज लागतो. तोही दिलाय, शिक्का घेऊन.