माउली, चप्पल द्या इकडे

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते, अष्टमीला ज्ञानोबांची आळंदीहून, आणि दोन्ही पुण्यात दोन रात्री मुक्कामाला थांबतात. एक नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, दुसरी भवानी पेठेत पालखी विठोबाला. एरवी हा सगळा मुलूख घाऊक बाजाराचा. भाव विचारल्याशिवाय इथे कुणी कशाला हात लावत नाही. या दोन दिवसांत मात्र तिथे भलतंच काहीतरी चालतं. दाढी फुकट, पाय चेपणं फुकट, चहा तर नको म्हटलं तरी हातात येतो.

मला सगळ्यात आवडतात ते फुटपाथवर चपला शिवायला बसलेले काका. समोर ढीग असतो. अंगठा तुटलेली कोल्हापुरी, टाच झिजून कागद झालेली रबरी, एक तर चक्क सुतळीनं बांधलेली. एका आजींनी चप्पल शिवून झाल्यावर कनवटीची दहाची नोट सोडवली. काकांनी आरीवरून नजर न उचलता सांगितलं, "माउली, ते पंढरीत पेटीत टाका. दुसरी चप्पल द्या इकडे, ही पण दिवेघाटात दगा देणार." आजी म्हणाल्या, ती चांगली आहे. काकांनी ती ओढूनच घेतली.

बाजाराच्या हिशेबानं बघितलं तर हा शुद्ध वेडेपणा. लाखो माणसं, सगळी पायी, त्यात पाऊस तोंडावर. चपलांच्या धंद्याला याहून मोठा सीझन नाही. नेमक्या त्याच दिवशी हा माणूस दर शून्यावर आणतो. त्याच्याकडे साठवलेलं फार असेल असं त्या गोणपाटाच्या बैठकीवरून वाटत नाही.

पुढे सोलापूर रस्त्याला यवतला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. तिथलं पिठलं-भाकरीचं जेवण वारीत प्रसिद्ध आहे. काळभैरवनाथाच्या देवळात मोठमोठ्या कढयांत पिठलं रटरटतं आणि भाकऱ्या घराघरांतून येतात. कुणाच्या जाड, कुणाच्या पातळ, एखादी करपलेलीही. पंगतीत ज्याला जी मिळेल ती त्याची. त्याच रस्त्यावर एरवी पाण्याची बाटली वीस रुपयांना आणि जरा आडोशाला जायचे वेगळे.

तर पैशापेक्षा करुणा मोठी मानणारा समाज कसा असेल, याची कल्पना करायला मला फार लांब जावं लागत नाही. तो दरवर्षी रस्त्यावर मांडला जातो आणि पालखी पुढे सरकली की आवरलाही जातो. अर्थात त्यातही केळी वाटणाऱ्यांचे फ्लेक्स असतात, ज्यावर विठोबा कोपऱ्यात आणि भाऊ मधोमध. आणि यवतच्या पिठल्याच्या बेसनाचे पैसे शेवटी कुणीतरी दुकानात मोजलेलेच असतात. पैसा कुठे जात नाही. तो फक्त दोन दिवस गप्प बसतो.

खरी पंचाईत तो समाज बारमाही झाला तर होईल. लग्न ठरवताना मुलाचं पॅकेज विचारणार नाहीत, शेजारच्या आजोबांना डायलिसिसला कोण नेतं ते विचारतील. ऐकायला छान. पण आपल्याला मी ओळखतो. वर्षभरात दयेचा सिबिल स्कोअर निघेल. "आमच्या चिरंजीवांनी या वर्षी चार अनोळखी माणसांना रक्त दिलं," असं सांगत लोक पेढे वाटतील. क्लासेस निघतील. मग ज्याच्याकडे दया कमी, त्याच्यावर कुणी दया करणार नाही. ज्याची प्रतिष्ठा वाढते त्याचं नाणं व्हायला वेळ लागत नाही. नाना पेठेतल्या काकांकडे वही नव्हती, किती चपला शिवल्या ते त्यांना सांगता आलं नसतं, हे मला त्यांच्या फुकटपणाहून मोठं वाटतं.

शिवाय वारकरी सकाळी उठून पुढे जातो. एका रात्रीच्या पाहुण्याशी चांगलं वागणं त्या मानानं सोपं. बाराही महिने गावातच राहणारा, आपलं देणं थकवून समोरून मान खाली घालून जाणारा माणूस, त्याचं काय?

ज्यांच्या पालखीसाठी हे सगळं चालतं, त्या तुकोबांनी हे कोडं सोडवलं होतं. घरात महाजनकी, सावकारी. १६३० च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला. अशा वेळी माणूस येणी घट्ट धरून बसतो. तुकोबांनी, परंपरा सांगते, कर्जाची खतं काढली, निम्मी धाकट्या कान्होबाला त्याच्या वाट्याची म्हणून दिली आणि आपली निम्मी इंद्रायणीत बुडवली. ही वाटणी मला फार थोर वाटते. भावाच्या पैशावर उदार होणं त्यांना सहज जमलं असतं.

पुढे त्याच इंद्रायणीत अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, आणि त्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या असं आपण श्रद्धेनं सांगतो. खतं काही वर आली नाहीत. ती यायला हवी होती असं आजवर एकाही भाविकाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. बँकेच्या वसुली खात्यात नोकरी करणाऱ्या भाविकाच्याही नाही.