कास पठार: बुकिंगपासून गुडघे टेकेपर्यंत

कासला शनिवार-रविवारी जायचं नाही, हे साताऱ्याच्या नणंदेने आधीच बजावलं होतं. दिवसाला ३००० जणांची मर्यादा, आणि हंगामात सुट्टीच्या दिवसाची जागा मिळणं मुश्कील. म्हणून सप्टेंबरातला एक बुधवार धरला. बुकिंग ऑनलाइन होतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा वेळा असतात. सकाळचीच घ्यावी. तिकिटाचा स्क्रीनशॉट मात्र घरूनच काढून न्या, वर रेंजचा भरवसा नाही.

साताऱ्यातून यवतेश्वर घाट चढून साधारण २५ किलोमीटर. बरोबर सासूबाई होत्या, वय सत्तरीपुढे, गुडघे कुरकुरणारे, उत्साह मात्र आमच्या दुप्पट. गाडी वाहनतळावर लावायची, पठाराच्या कडेला रस्त्यात नाही. आसपासच्या गावांची समिती वन विभागाबरोबर ही सगळी व्यवस्था बघते. गेटवर तिकीट तपासणारे, आत शिट्टी वाजवत फिरणारे, सगळे तिथल्याच गावचे.

आत शिरलो तेव्हा नुसतं धुकं. सासूबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "फोटोत तर गालिचे असतात गं. इथे गवतच दिसतंय."

आमच्या बरोबर गाइड म्हणून आलेली मुलगी हसली. "आजी, उभं राहून नाही दिसायचं. त्या दगडावर टेका जरा."

सासूबाई टेकल्या आणि मग अर्धा तास उठेनात. गवतात जांभळी-निळी, नखाएवढी फुलं पसरली होती: सीतेची आसवं. शेजारी गेंदाचे पांढरे गोंडे. पिवळ्या पाकळ्यांवर दोन लाल ठिपके असलेला कवला, ज्याला आता सगळेच मिकी माउस म्हणतात. आणि एका ओल्या खाचेत दवबिंदू नावाचं रोप. त्याच्या बारीक पानांवर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि त्यातल्या एका थेंबात अडकलेलं चिलट, एक पाय अजून हलवणारं. "मेलं खातंय की काय त्याला?" सासूबाईंनी विचारलं. खातंच. पठार म्हणजे जांभ्याचा सडा, म्हणजे तांबड्या दगडाचा उघडा माळ. माती जेमतेम, पावसाचं पाणी साचून राहतं, कस असा नाहीच. मुळांना नत्र मिळत नाही म्हणून ही झाडं किडे धरतात. सीतेची आसवं दिसायला इतकी गरीब, पण तीही त्यातलीच. तिचे सापळे मुळाशी, चिखलात, बारीक पिशव्यांसारखे. कासवर ८५० हून जास्त सपुष्प वनस्पतींची नोंद आहे, ती या असल्या कंगाल जमिनीवर.

गालिचेही असतात, नाही असं नाही. धुकं उठल्यावर पलीकडे तेरड्याचा गुलाबी पट्टा दिसला, मधेमधे सोनकी. पण पंधरवड्यात रंग बदलतो, त्यामुळे मैत्रिणीच्या गेल्या वर्षीच्या फोटोवर तारीख ठरवू नका. टोपली कारवीचं तर आणखी वेगळं, ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. आम्हाला तिची नुसती हिरवी झुडपं दिसली, टोपल्या पालथ्या घातल्यासारखी.

मध्यंतरी पठाराला जाळीचं कुंपण होतं. गुरांची चराई बंद झाली, गवत माजलं, फुलं कमी झाली अशी ओरड झाली आणि ते काढलं. मला ते पटतं. फुलांचं नुकसान गुरांपेक्षा सेल्फीवालेच जास्त करतात. आमच्यासमोर एक जोडपं तेरड्यात आडवं पडलं होतं. शिट्टी वाजली तेव्हा उठलं, पण खालची झाडं काही उठली नाहीत.

चालायची आवड असेल तर राजमार्गाने कुमुदिनी तळ्यापर्यंत जा. सातारा-महाबळेश्वरची ही जुनी वाट, चढ फारसा नाही. सासूबाईंना नवऱ्यापाशी सोडून मी एकटीच गेले. गर्दी पहिल्या वळणालाच संपली. तळ्यात कुमुदिनीची पांढरी फुलं, पाकळ्यांना झालरीसारखी किनार. बूट जुने आणि पकड असलेले घाला, ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वारा छत्री टिकू देत नाही. खाणं गाडीतच ठेवा.

परत आल्यावर नणंदेच्या सासरच्यांनी विचारलं, आमचंही बुकिंग करून देशील का, रविवारचं? मी बुधवारचं करून दिलं.